समुद्रसपाटीखालचा वॉर्ड: टोकियोतल्या एदोगावात आपली माणसं राहतात, तिथला कारभार कसा चालतो?

मे २०१९ मधली गोष्ट. टोकियोच्या पूर्व टोकाला असलेल्या एदोगावा वॉर्डाने घरोघरी पुराचा नवा नकाशा वाटला. सरकारी पत्रकं लोक न वाचताच बाजूला ठेवतात, तो प्रकार तिथंही आहे. पण हे पत्रक कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. मुखपृष्ठावर वॉर्डाचा नकाशा होता आणि त्यावरच ठळक जपानी अक्षरांत लिहिलेल्या वाक्याचा अर्थ होता, 'इथं थांबून चालणार नाही'. खुद्द वॉर्ड कार्यालयच आपल्या सुमारे सात लाख रहिवाशांना सांगत होतं की महापूर आला, तर या हद्दीत राहू नका. देशभर चर्चा झाली. काहींनी प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, तर काहींनी 'मग जायचं कुठं?' म्हणून टीका केली.

त्याच्या महिनाभर आधी, २१ एप्रिल २०१९ ला, याच वॉर्डातली दुसरी बातमी आपल्याकडच्या पेपरांत झळकली होती. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडणूक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. ही बातमी बेळगावपासून बडोद्यापर्यंत मोबाईलवर फिरली, पण नकाशाची बातमी आपल्यापर्यंत फारशी पोचली नाही. या दोन्ही बातम्या एकाच जागेच्या आहेत. ती जागा नीट समजून घेतली, तर आपल्या ओळखीची इतकी मंडळी तिथंच का राहतात आणि तिथं राहण्याची जोखीम काय, हे दोन्ही कळतं.

हा 'वॉर्ड' आपल्या वॉर्डासारखा नाही

वॉर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एका नगरसेवकाचा प्रभाग येतो. टोकियोत तसं नाही. तिथं २३ 'विशेष वॉर्ड' आहेत आणि प्रत्येक वॉर्ड म्हणजे जवळपास स्वतंत्र शहर आहे. एदोगावाचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ६ लाख ९८ हजार. तुलनेसाठी सांगायचं, तर २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती.

वॉर्डाला स्वतःचा महापौर असतो आणि लोक त्याला थेट निवडून देतात. ४४ सदस्यांची सभा असते. प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळा, पाळणाघरं, वाचनालयं, बागा, रहिवाशांची नोंदणी, कचरा उचलणं ही कामं वॉर्डाची. पाणीपुरवठा, सांडपाणी, अग्निशमन ही कामं मात्र वरच्या टोकियो महानगर सरकारकडे आहेत. आपल्याकडे महापालिका एकच आणि खाली प्रभाग, तिथं वर महानगर सरकार आणि खाली २३ छोट्या महापालिका, असं ढोबळमानाने समजायला हरकत नाही.

हे अधिकार मात्र वॉर्डांना सहज मिळालेले नाहीत. १९४३ मध्ये युद्धाच्या काळात टोकियो शहराची महापालिकाच बरखास्त झाली आणि सगळा कारभार वरच्या सरकारच्या हाती गेला. १९४७ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने वॉर्ड पुन्हा उभे राहिले आणि महापौर थेट निवडला जाऊ लागला. पण १९५२ मध्ये ती थेट निवडणूक काढून घेतली गेली. ती परत मिळायला १९७५ साल उजाडलं. २००० मध्ये कायदा बदलला, वॉर्डांना मूळ स्थानिक संस्थेचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी कचऱ्याचं काम त्यांच्याकडे आलं. म्हणजे आपला कचरा आपण उचलण्याचा अधिकार मिळवायलासुद्धा अर्धं शतक लागलं.

पैसा कुठून येतो?

जपानमध्ये उत्पन्नावर राष्ट्रीय आयकर असतोच, त्याशिवाय 'रहिवासी कर' भरावा लागतो. तो करपात्र उत्पन्नाच्या साधारण १० टक्के असतो. त्यातले ६ टक्के वॉर्डाला आणि ४ टक्के महानगर सरकारला जातात. १ जानेवारीला तुम्ही ज्या वॉर्डात राहत होता, त्या वॉर्डाला हा कर मिळतो. नागरिकत्व कुठलंही असो, कर सारखाच.

पण एदोगावासारखा वॉर्ड एवढ्यावर चालू शकत नाही. मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं मिनातो, चियोदा अशा मध्यवर्ती वॉर्डांत आहेत, आणि एदोगावात बहुतेक घरंच घरं. त्यासाठी टोकियोत वाटपाची एक पद्धत आहे. जमीन आणि इमारतींवरचा कर, तसंच कंपन्यांवरचा स्थानिक कर महानगर सरकार गोळा करतं. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त, साधारण ५५ टक्के, भाग वॉर्डांसाठी बाजूला ठेवला जातो आणि गरजेप्रमाणे वाटला जातो. त्यामुळे शहराच्या मध्यातल्या काचेच्या इमारतींचा पैसा पूर्वेकडच्या शाळा आणि पाळणाघरांपर्यंत पोचतो. एदोगावाच्या अंदाजपत्रकात या पैशाचा वाटा मोठा आहे.

एदोगावाचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे स्थिर नेतृत्व. १९६४ ते १९९९ नाकाझातो किइची, १९९९ ते २०१९ तादा मासामी आणि २०१९ पासून साइतो ताकेशी. साठ वर्षांत तीन महापौर! तान्ह्या मुलांना वॉर्डाने मान्यता दिलेल्या बायकांनी आपल्या घरी सांभाळायची 'होइकु मामा' योजना १९६९ मध्ये इथं सुरू झाली. २००५ पासून तर सगळ्या प्राथमिक शाळांत शाळा सुटल्यावरही मुलांना थांबता येतं. तरुण कुटुंबं इथं येऊन राहतात त्यामागे ही कारणंही आहेत.

सात गावं, एक खाडी

आजचा एदोगावा १ ऑक्टोबर १९३२ ला तयार झाला. त्या वर्षी टोकियो शहराने आजूबाजूची ८२ गावं पोटात घेतली. त्यातली कोमात्सुगावा, मात्सुए आणि कोइवा ही तीन मोठी गावं आणि कासाई, मिझुए, शिनोझाकी, शिकामोतो ही चार खेडी मिळून हा वॉर्ड झाला. नाव पडलं पूर्वेकडच्या एदो नदीवरून. नदीच्या पलीकडे चिबा प्रांत सुरू होतो. ज्याला सगळे 'टोकियोचं डिस्नेलँड' म्हणतात, ते खरं तर त्या पलीकडच्या उरायासू शहरात आहे.

तोकुगावा शोगुनांच्या काळात या भागाचं काम होतं राजधानी एदोला खायला घालायचं. पूर्वेकडच्या ग्योतोकू किनाऱ्यावर मिठागरं होती आणि तिथलं मीठ होड्यांतून कालव्याने शहरात जायचं. त्यातला शिनकावा हा कालवा आजही आहे, फक्त मिठाच्या होड्यांऐवजी काठावर चेरीची झाडं आहेत. शेतांत भाजी, खाडीत शिंपले आणि नोरी, म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात ते समुद्री शेवाळ.

वॉर्डाच्या पश्चिमेची भलीमोठी आराकावा नदी बघून ती युगानुयुगं तिथं असेल असं वाटतं. पण हा प्रवाह माणसांनी खणलेला आहे. १९१० मध्ये टोकियोत प्रचंड पूर आला. त्यानंतर शहर वाचवण्यासाठी २२ किलोमीटर लांबीचा नवा पात्रमार्ग खणायचं ठरलं. त्यासाठी वाटेतली सुमारे १३०० घरं उठवली गेली. काम पाहणाऱ्या अभियंत्यांत आओयामा आकिरा होते, ज्यांनी आधी पनामा कालव्यावर काम केलं होतं. १९२४ मध्ये पाणी सोडलं आणि १९३० मध्ये काम पुरं झालं. कोमात्सुगावा आणि हिराई हा वॉर्डाचा भाग त्यामुळे नदीच्या पश्चिमेला एकटा पडला, तो आजही तसाच आहे.

जमीन खचली कशी?

एदोगावाचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. बांध आहेत म्हणून तो कोरडा आहे, इतकंच. हा भाग मुळातच सखल, पण एवढा खोल जायला माणूस कारणीभूत झाला. कारखान्यांनी दशकानुदशकं जमिनीतलं पाणी उपसलं. दक्षिणेला तर भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यात विरघळलेला नैसर्गिक वायू काढण्यासाठीही पाणी बाहेर खेचलं जायचं. खालचं पाणी गेलं की मऊ मातीचे थर दबतात आणि वरची जमीन बसते. कासाईच्या किनाऱ्यावर तर लोकांच्या मालकीच्या जमिनी हळूहळू समुद्राखाली गेल्या. सात-बारा हातात आणि शेत पाण्यात, असा प्रकार.

१९७२ मध्ये टोकियो सरकारने वायूचा उपसा थांबवला. जमीन खचणं जवळपास थांबलं. पण एकदा बसलेली जमीन पुन्हा वर येत नाही. त्यामुळे आजही पावसाचं पाणी आपोआप नदीत जाऊ शकत नाही, ते पंपांनी वर चढवून टाकावं लागतं. हे बघायचं असेल, तर कोमात्सुगावाजवळच्या आराकावा लॉक गेटवर जावं. २००५ मध्ये बांधलेल्या या दरवाजात आतली नदी आणि बाहेरची नदी यांच्या पातळीत भरतीच्या वेळी तीन मीटरपर्यंत फरक असतो. बोट आत घेतात, दरवाजा लावतात, पाणी भरतात आणि मग बोट पुढे सोडतात.

खाडीचंही असंच झालं. १९५८ मध्ये एदो नदीकाठच्या एका कागद कारखान्यातून काळं पाणी नदीत आलं आणि मासे, शिंपले मेले. उरायासूचे मच्छीमार १० जूनला कारखान्यात घुसले, पोलिसांशी झटापट झाली आणि शंभरावर लोक जखमी झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जपानने पाण्याच्या दर्जाबाबतचे आपले पहिले दोन राष्ट्रीय कायदे केले. कायदा आला, पण मासेमारी वाचली नाही. १९६२ मध्ये टोकियोच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी भरपाई घेऊन मासेमारीचे हक्क सोडले. पुढे त्याच उथळ समुद्रात भराव टाकून सेइशिनचो आणि रिंकाइचो या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. आज आपली अनेक कुटुंबं ज्या इमारतींत राहतात, त्यांतल्या काहींच्या खाली दोन पिढ्यांपूर्वी समुद्र होता.

भाग वेगवेगळे, चेहरे वेगवेगळे

उत्तरेला कोइवा. १८९९ पासून इथं रेल्वे स्टेशन आहे. जुनी बाजारपेठ, गल्ल्या, छोटी खानावळी, दारूचे गुत्ते असा गजबजलेला भाग. सुमोचे ४४ वे योकोझुना तोचिनिशिकी इथलेच, त्यांचा पुतळा स्टेशनातच आहे. सध्या स्टेशनभोवतीची जुनी घरं पाडून उंच इमारती उभारायचं काम चालू आहे.

पश्चिमेला नदीपलीकडे हिराई आणि कोमात्सुगावा. १९४५ च्या मार्चमधल्या बॉम्बहल्ल्यात हा भाग जळाला. पुढे इथल्या एका कारखान्याच्या विषारी क्रोमियमच्या कचऱ्याचं प्रकरण गाजलं. आज तिथं मोठी बाग आणि उंच भरावावरची घरं आहेत. संकटात लोकांनी जमायची जागा म्हणूनच ती आखली आहे.

मध्यभागी फुनाबोरी. १९८३ मध्ये भुयारी रेल्वे आली आणि भाग वाढला. इथल्या ११५ मीटर उंच मनोऱ्यावर फुकटात जाता येतं, वरून सगळा वॉर्ड आणि त्याला वेढणाऱ्या नद्या दिसतात. वॉर्डाचं नवं मुख्यालयही इथंच बांधायचं ठरलं आहे. जवळच फुरुकावा ही एकेकाळची घाण नाल्यासारखी नदी. १९७३ मध्ये तिला स्वच्छ पाण्याच्या ओढ्याचं रूप देऊन मुलांना खेळता येईल अशी बाग केली. जपानमधली या धाटणीची ती पहिली बाग. नाले बुजवून रस्ते करायच्या काळात वॉर्डाने हा उलटा निर्णय घेतला होता.

पूर्वेला शिनोझाकी, शिशिबोने हा अजूनही थोडा गावासारखा भाग. घरांच्या मध्येच हरितगृहं दिसतात.

आणि दक्षिणेला कासाई. १९६९ मध्ये तोझाई भुयारी मार्ग इथं आला आणि कासाई स्टेशन झालं. निशिकासाई, म्हणजे पश्चिम कासाई, हे स्टेशन १ ऑक्टोबर १९७९ ला सुरू झालं. किनाऱ्यावर १९८९ मध्ये रिंकाई बाग आणि मत्स्यालय आलं. ज्या समुद्रातून मासेमारी हद्दपार झाली, त्याच किनाऱ्याचा एक भाग २०१८ मध्ये पाणपक्ष्यांसाठी रामसर यादीत गेला.

पालेभाजी, सोनमासे आणि काचेच्या घंटा

एदोगावातले बहुतेक नोकरदार सकाळी गाडी पकडून शहराच्या मध्यात जातात. तोझाई मार्गाची गर्दी तर जपानभर कुप्रसिद्ध आहे. कोविडच्या आधी गर्दीच्या तासाला डब्यांत क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं असायची. मुंबईत लोकल पकडलेल्याला त्याचं अप्रूप वाटणार नाही, पण शिस्तीचं वाटेल.

तरीही वॉर्डाची स्वतःची कमाई आहे आणि ती मजेशीर आहे. कोमात्सुना ही जपानभर खाल्ली जाणारी हिरवी पालेभाजी. तिचं नावच कोमात्सुगावावरून आलं. आठवे शोगुन योशिमुने शिकारीला आले असताना त्यांना ही भाजी वाढली आणि त्यांनीच तिला गावाचं नाव दिलं, अशी आख्यायिका आहे. आजही टोकियोत कोमात्सुना पिकवण्यात एदोगावाच पुढे आहे. आपल्या मंडळींनी या भाजीची डाळ घालून पातळ भाजी करून पाहावी, जमते.

दुसरी ओळख सोनमासे, म्हणजे गोल्डफिश. नारातलं यामातोकोरियामा आणि आइची प्रांतातलं यातोमी यांच्या जोडीने एदोगावाची गणना जपानच्या तीन मोठ्या सोनमासे केंद्रांत होते. जमिनीचे भाव वाढले तशी तळी कमी झाली, पण उन्हाळ्यात ग्योसेन बागेत सोनमाशांची जत्रा भरतेच. शिवाय फुंकून केलेल्या काचेच्या फूरिन, म्हणजे वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटा, आणि शिशिबोनेची फुलं. याशिवाय घराच्या तळमजल्यावर चालणारे धातूचे आणि यंत्रभागांचे छोटे कारखाने आहेतच.

भारतीय निशिकासाईतच का?

याचं उत्तर भावनेत शोधू नका, घरभाड्यात शोधा.

२००० साल जवळ आलं, तशी जगभर संगणकांतल्या तारखांची भीती होती. जपानी बँका आणि कंपन्यांनी भारतातून अभियंते बोलावले. ऑगस्ट २००० मध्ये जपानचे पंतप्रधान मोरी योशिरो स्वतः बंगळूरला आले आणि त्यानंतर व्हिसा सोपा झाला. या अभियंत्यांची कामाची ठिकाणं ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो अशा बँका आणि शेअर बाजाराच्या भागात होती. निशिकासाईहून तोझाई मार्गाने तिथं थेट जाता येतं, गाडी बदलायची गरज नाही.

पण घर मिळणं कठीण होतं. जपानमध्ये खासगी घर भाड्याने घ्यायचं, तर घरमालकाला परत न मिळणारी 'भेट रक्कम' द्यावी लागते, दलाली लागते, जपानी हमीदार लागतो आणि दर दोन वर्षांनी करार वाढवायचे वेगळे पैसे. परदेशी माणूस म्हटल्यावर अनेक मालक दारातच नाही म्हणायचे. त्याच वेळी सरकारी गृहसंस्थेच्या, आता 'यूआर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मोठ्या इमारती कोजिमाचो आणि सेइशिनचोत उभ्या होत्या. तिथं भेट रक्कम नाही, दलाली नाही, हमीदार नाही. उत्पन्नाची अट पूर्ण करा, अनामत भरा आणि किल्ली घ्या. रांगेत पहिला येईल त्याला घर, मग तो कुठलाही असो. एक कुटुंब आलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं आणि वस्ती वाढली.

या वस्तीला आधार देणाऱ्यांत जगमोहन चंद्राणी यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. कोलकात्याहून आलेले हे चहाचे व्यापारी १९७० च्या दशकाच्या अखेरीस निशिकासाईत स्थायिक झाले होते. एकटे आलेले शाकाहारी अभियंते जेवणासाठी हाल काढताहेत हे बघून त्यांनी जेवणाची सोय केली आणि भारतीयांची संघटना उभी केली. पुढे किराणा दुकानं आली आणि दिवाळीचा मेळा भरू लागला. २००६ मध्ये इंग्रजी माध्यमाची भारतीय शाळा वॉर्डात आली, आणि शाळा आली की कुटुंब टिकतं. २०१९ च्या सुमारास एदोगावात चार हजारांहून जास्त भारतीय होते, म्हणजे जपानमधल्या दर दहा भारतीयांत साधारण एक. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला. त्यांत मराठी घरं बरीच. टोकियो मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला गेलात, तर 'तुम्ही निशिकासाईला का?' हा प्रश्न कुणीतरी विचारतंच.

कर भरता येतो, मत देता येत नाही

आता पुन्हा निवडणुकीकडे. वॉर्ड सभेच्या निवडणुकीत प्रभाग नसतात. सगळा वॉर्ड हाच एक मतदारसंघ. मतदाराने एकाच उमेदवाराचं नाव लिहायचं आणि सर्वाधिक मतं मिळवणारे ४४ जण निवडून येणार. त्यामुळे वॉर्डभर विखुरलेला पाठिंबाही कामी येतो. पुराणिक यांना ६,४७७ मतं मिळाली आणि ते ४४ जणांत पाचवे आले.

इथं एक गोष्ट आपल्याकडच्या बातम्यांत राहून गेली. ही मतं भारतीयांची नव्हती, असू शकतच नव्हती. जपानमध्ये परदेशी नागरिकाला स्थानिक निवडणुकीतही मताचा अधिकार नाही. वीस वर्षं राहा, रहिवासी कर वेळेवर भरा, मुलं वॉर्डाच्या शाळेत घाला, तरी मतपत्रिका मिळत नाही. पुराणिक यांनी २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व घेतलं होतं, म्हणून त्यांना उभं राहता आलं. भारत आणि जपान दोघंही दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत, म्हणजे एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं. त्यांना निवडून दिलं ते जपानी शेजाऱ्यांनी.

२०२१ मध्ये पुराणिक टोकियो महानगर सभेच्या निवडणुकीला उभे राहिले, त्यात ते हरले. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेत गेले आणि २०२३ मध्ये तिथले मुख्याध्यापक झाले. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न परका नाही: ज्या सरकारला आपण कर देतो, तिथं आपलं ऐकणारं कोण? फरक इतकाच की आपल्याकडे मत आहे आणि भांडण भाषेचं आहे. तिथं भाषा शिकूनही मत मिळत नाही.

पाणी आलं तर?

नकाशा वाटून पाच महिने झाले आणि १२ ऑक्टोबर २०१९ ला हागिबिस चक्रीवादळ टोकियोवर आलं. वॉर्डाने शाळा उघडल्या, लाखो लोकांना घर सोडण्याचा सल्ला दिला आणि सुमारे ३५ हजार लोक निवाऱ्यांत आले. बांध टिकले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना वेगळं सांगायला नको की दरवेळी नशीब साथ देत नाही. १९४७ मध्ये कॅथलीन वादळात वरच्या सैतामा प्रांतात तोने नदीचा बांध फुटला होता आणि ते पाणी काही दिवसांनी चालत चालत एदोगावापर्यंत आलं होतं. आकाश मोकळं झाल्यावर आलेला पूर होता तो.

आज तसं झालं, तर एदोगावा आणि शेजारचे चार वॉर्ड मिळून सुमारे २५ लाख लोकांच्या वस्तीत पाणी शिरेल, आणि जमीन खोल असल्याने ते काही ठिकाणी दोन आठवड्यांहून जास्त हटणार नाही. वरच्या मजल्यावर जाऊन जीव वाचेल, पण वीज, पाणी, संडास यांशिवाय पंधरा दिवस कसे काढणार? म्हणूनच तो नकाशा 'वर चढा' एवढ्यावर थांबत नाही, 'आधीच बाहेर पडा' असं सांगतो. मोठं वादळ येणार असं दिसलं की एक-दोन दिवस आधी, गाड्या चालू असतानाच वॉर्डाबाहेर जायचं.

इथं भारतीय कुटुंबांची अडचण स्पष्ट दिसते. जपानी कुटुंबाला उंच भागात मामा, आत्या, शाळेचा मित्र असतो. आपल्या बहुतेकांचे नातेवाईक हजारो किलोमीटरवर आणि ओळखीचे सगळे त्याच निशिकासाईत. एकत्र राहण्याचा जो फायदा रोज होतो, तोच त्या दिवशी तोटा ठरू शकतो.

तुमचं कुणी तिथं असेल, तर पुढच्या फोनमध्ये जेवणखाणाची चौकशी झाल्यावर चार गोष्टी विचारा. वॉर्डाचा पुराचा नकाशा पाहिला आहे का? आपली इमारत त्यात कुठल्या रंगात येते? वादळाचा इशारा आला, तर वॉर्डाबाहेर, आराकावाच्या पलीकडे उंच भागात, कुणाकडे जायचं हे ठरलं आहे का? आणि घरात काही दिवसांचं पाणी, औषधं, कोरडा शिधा आहे का? सप्टेंबर-ऑक्टोबर हे वादळांचे महिने. आपल्याकडे गणपती आणि नवरात्र चालू असतं तेव्हाच. फोन तर तेव्हा करणारच आहात, हेही विचारून घ्या.